फिल्मी गाण्यांना रेडिओबाहेर काढणारा मराठी मंत्री, ज्याने शास्त्रीय संगीत घराघरात पोहोचवलं

समजा, साल आहे १९५२. गाव आहे खर्डा. अहिल्यानगर म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यातलं. हेच ते खर्डा, जिथं १७९५ साली मराठ्यांनी निजामाला हरवलं होतं.

आता या गावातल्या एखाद्या माणसाला गाण्याचा नाद आहे. त्याला एखाद्या मोठ्या गवयाचा ख्याल ऐकायचाय. तोही निवांत, आलापापासून ते द्रुत बंदिशीपर्यंत. तर त्याने काय करावं?

पुण्या-मुंबईच्या मैफलीला जायचं तर एसटीचा प्रवास आणि परगावी मुक्काम आला. शिवाय खासगी मैफलीत ओळखीशिवाय आत कोण घेणार, हा प्रश्न वेगळाच. ग्रामोफोनची तबकडी आणावी, तर तिच्या एका बाजूला मावायची तीन-साडेतीन मिनिटं. ज्या रागाला तासभर लागतो, तो राग तबकडीवर सुरू होईपर्यंत संपायचा. उरला एकच मार्ग, रेडिओ.

आणि नेमक्या त्याच वर्षी दिल्लीत रेडिओच्या खुर्चीवर एक मराठी माणूस येऊन बसला. या माणसाने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे फिल्मी गाण्यांना रेडिओवरून जवळपास हद्दपार केलं. त्यासाठी लोक त्याला आजही नावं ठेवतात. आणि दुसरी म्हणजे देशातल्या सगळ्या केंद्रांवर एकाच वेळी दीड तास शास्त्रीय संगीत लावलं. ही गोष्ट मात्र फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही.

त्याचं नाव डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर.

केसकरांचा जन्म १९०३ सालचा, पुण्याचा. पण त्यांचं सार्वजनिक आयुष्य घडलं ते उत्तरेत. बनारसमध्ये त्यांची वर्षं गेली, पुढे पॅरिसला जाऊन त्यांनी डॉक्टरेट मिळवली. स्वातंत्र्यलढ्यात आले, काँग्रेसच्या संघटनेत वर चढत गेले, संविधान सभेत संयुक्त प्रांतातून निवडून गेले. १९४८ पासून नेहरूंच्या हाताखाली परराष्ट्र खात्याचे उपमंत्री होते. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत ते उत्तर प्रदेशातल्या सुलतानपूर भागातून निवडून आले. म्हणजे नाव अस्सल मराठी, मतदारसंघ अवधी मुलखातला.

आणखी एक गोष्ट, जी राजकारण्यांच्या यादीत क्वचितच सापडते. केसकर स्वतः ध्रुपद शिकलेले होते. ध्रुपद म्हणजे ख्यालाच्याही आधीची, भारदस्त, जराही लाडात न येणारी गायकी. माणसाचा स्वभाव त्याच्या आवडत्या गाण्यावरून ओळखावा म्हणतात, तो नियम इथं तंतोतंत लागू पडतो.

१९५२ साली नेहरूंनी त्यांच्याकडे माहिती आणि प्रसारण खातं दिलं. ते पुढची दहा वर्षं त्यांच्याकडेच राहिलं. या खात्यात इतका काळ टिकणं ही साधी गोष्ट नव्हती.

आता त्यांच्या हातात नेमकं काय आलं, ते बघायला हवं. देश स्वतंत्र झाला तेव्हा आपल्या वाट्याला फक्त सहा रेडिओ केंद्रं आली होती. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. ही सगळी मिळून देशाच्या जेमतेम अडीच टक्के भूभागावर आणि अकरा टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचायची. रेडिओ विकत घ्यायचा तर पोस्टातून लायसन्स काढावं लागायचं आणि त्याची फी दरवर्षी भरावी लागायची. गावात वीज नसेल तर बॅटरीवरचा सेट, आणि ती बॅटरी चार्ज करायला तालुक्याला न्यायची.

दुसरीकडे गवयांची अवस्था वाईट होत चालली होती. शतकानुशतकं हिंदुस्थानी संगीत जगलं ते संस्थानिकांच्या पैशावर. बडोद्याच्या गायकवाडांकडे फैयाज खाँ होते, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अल्लादिया खाँना आणलं होतं. अशी उदाहरणं गावोगाव होती. संस्थानं विलीन झाली, राजांचे तनखे ठरले आणि दरबारी गवयाचा पगार कुणाच्याच हिशोबात राहिला नाही. शहरातल्या संगीत सभा होत्या, पण त्या मूठभर. पोट भरायचं तर शिकवण्या करा, नाहीतर सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवा.

केसकरांनी ठरवलं, आता राजाची जागा रेडिओने घ्यायची.

२० जुलै १९५२. मंत्री होऊन दोन-सव्वादोन महिने झाले होते. या दिवशी ‘नॅशनल प्रोग्राम ऑफ म्युझिक’ सुरू झाला. कल्पना साधी होती. दिल्लीहून एक मोठा कलाकार गाणार किंवा वाजवणार आणि देशातली सगळी केंद्रं तोच कार्यक्रम एकाच वेळी उचलणार. तोपर्यंत मुंबईचा श्रोता मुंबईचं ऐकायचा आणि मद्रासचा मद्रासचं. आता कर्नाटक संगीतातला विद्वान नागपुरात ऐकू यायला लागला आणि किराणा घराण्याचा गवई तिरुचिरापल्लीत.

या कार्यक्रमाची पुढे ठरून गेलेली वेळ म्हणजे शनिवारची रात्र, साडेनऊ ते अकरा. तबकडीच्या साडेतीन मिनिटांच्या तुलनेत हा दीड तास किती मोठा होता, हे आज सांगून पटणार नाही. विलंबित ख्याल म्हणजे काय, राग हळूहळू कसा उलगडतो, तबलजी कुठं थांबतो आणि कुठं उत्तर देतो, हे हजारो लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं ते या दीड तासात. मैफलीत बसायची ना ऐपत होती, ना ओळख, अशा लोकांनी.

याला एक जागतिक संदर्भही आहे. लंडनमध्ये १८९५ पासून दर उन्हाळ्यात ‘प्रॉम्स’ नावाचा शास्त्रीय संगीताचा मोसम भरतो. स्वस्तात तिकीट घ्या आणि उभ्याने ऐका, असा तो प्रकार. तो आर्थिक अडचणीत आला तेव्हा १९२७ साली बीबीसीने चालवायला घेतला आणि रेडिओवरून घरोघरी नेला. १९४७ साली तो पहिल्यांदा टीव्हीवरही दिसला. आपला ऑल इंडिया रेडिओ उभा करणारा लायोनेल फील्डन हा बीबीसीतूनच आलेला साहेब. त्यामुळे प्रसारण संस्थेनेच संगीताचं यजमानपद घ्यावं, हा विचार आपल्याकडे नवा नव्हता. तो एवढ्या मोठ्या प्रमाणावर राबवायची हिंमत केसकरांनी केली.

आपल्याकडे मैफलींचा मोसम वेगळा. गणपतीत सुरू होतो, थंडीत रंगतो आणि उन्हाळ्यात लग्नसराई लागली की गवई घरी बसतो. रेडिओला मात्र मोसम नव्हता, चैत्र-वैशाखातही शनिवार यायचाच. तरी केसकरांना आपला स्वतःचा असा एक मोठा सोहळा हवा होता. म्हणून १९५४ पासून ‘रेडिओ संगीत संमेलन’ सुरू झालं. पावसाळा सरला की वेगवेगळ्या शहरांत, निमंत्रित श्रोत्यांसमोर मैफली व्हायच्या आणि नंतर त्या रेडिओवरून देशभर ऐकवल्या जायच्या. टाळ्या, दाद, तानपुरा जुळवण्याचा आवाज, सगळ्यासकट. स्टुडिओतल्या बंद खोलीपेक्षा हे गाणं वेगळं लागायचं. जोडीला तरुण कलाकारांसाठी संगीत स्पर्धाही सुरू झाली.

शिवाय १९५२ मध्येच ‘वाद्यवृंद’ उभा राहिला. भारतीय वाद्यांचा, भारतीय रागांवर रचना वाजवणारा सरकारी ऑर्केस्ट्रा. त्याची धुरा होती पंडित रविशंकर यांच्याकडे. हो, तेच रविशंकर. बीटल्स भेटायच्या कितीतरी आधी ते दिल्लीच्या रेडिओत नोकरी करत होते. पुढे बासरीवादक पन्नालाल घोष यांनी ही जबाबदारी घेतली.

इथपर्यंत केसकर हिरो वाटतात. पण थांबा.

केसकरांचं मत होतं की फिल्मी संगीताने लोकांची रुची बिघडवली आहे. पाश्चात्त्य वाद्यं, उसनी चाल, उथळ शब्द. हे सगळं सरकारी रेडिओवर वाजता कामा नये. आधी त्यांनी फिल्मी गाण्यांचा वेळ कमी केला. तो एकूण वेळेच्या साधारण दहा टक्क्यांवर आणायचं ठरलं. मग वाजणाऱ्या गाण्यांची छाननी सुरू झाली. आणि मग आला तो निर्णय, ज्याने सगळं फिस्कटलं. गाणं लावताना गायकाचं नाव सांगायचं, पण सिनेमाचं नाव सांगायचं नाही. का? तर ती सिनेमाची फुकट जाहिरात होते.

निर्माते भडकले. त्यांच्या दृष्टीने रेडिओवर गाणं द्यायचं कारणच मुळी जाहिरात हे होतं. त्यांनी गाणी वाजवायची परवानगी काढून घेतली. काही महिन्यांतच रेडिओवरून फिल्मी गाणी जवळजवळ गायब झाली. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या केसकरांनी सरसकट बंदी घातलीच नव्हती. पण परिणाम तोच झाला आणि केसकरांना त्याचं फार दुःख झालं असेल असं दिसत नाही.

आता हा काळ कोणता होता, ते लक्षात घ्या. नौशाद, अनिल विश्वास, सी. रामचंद्र, शंकर-जयकिशन, एस. डी. बर्मन हे सगळे एकाच वेळी काम करत होते. लता मंगेशकरांचा आवाज ऐन भरात होता. पुढे ज्याला हिंदी सिनेसंगीताचं सुवर्णयुग म्हटलं गेलं, ते युग चालू होतं. आणि त्याच वेळी सरकारी रेडिओने त्याला दार लावून घेतलं. त्यातला विनोद असा की १९५२ सालीच ‘बैजू बावरा’ आला. त्यात नौशादांनी उस्ताद अमीर खाँ आणि पंडित द. वि. पलुस्करांना गायला लावलं होतं. शास्त्रीय संगीत थेट थिएटरात, पिटातल्या प्रेक्षकापर्यंत गेलं होतं. केसकरांना जे करायचं होतं, ते त्यांच्या शत्रुपक्षात आधीच घडत होतं.

लोकांनी काय केलं? लोकांनी सुई फिरवली.

दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या फौजांसाठी श्रीलंकेत एक ताकदवान शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर बसवला होता. युद्ध संपल्यावर तो रेडिओ सिलोनच्या हाती आला. त्यांनी हिंदी गाण्यांचा व्यापारी कार्यक्रम सुरू केला आणि भारतातले जाहिरातदार तिकडे धावले. १९५२ च्या अखेरीस ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत बसून कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायचे, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून लाटेवर स्वार होऊन पुन्हा मुंबईत यायची. मुंबईचा आवाज मुंबईत ऐकायला श्रीलंकेला वळसा घालावा लागत होता. सयानींकडे पत्रांचा पाऊस पडायला लागला. दर बुधवारी रात्री पानाच्या टपरीसमोर गर्दी व्हायची.

त्या काळात एक किस्सा फिरायचा. दहा रेडिओंची पाहणी केली, तर नऊ रेडिओंवर सिलोन लागलेलं होतं आणि दहावा बंद पडलेला होता.

केसकरांवरची दुसरी मोठी टीका मात्र यापेक्षा गंभीर आहे आणि ती विनोदाने उडवून लावण्यासारखी नाही.

हिंदुस्थानी संगीताची अधोगती का झाली, याबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं. मूळची प्राचीन, शास्त्रशुद्ध विद्या मुस्लिम राजवटीत दरबारात गेली. तिथे ती उस्तादांच्या घराण्यांत कोंडली गेली. ती करमणुकीची वस्तू झाली आणि शास्त्र मागे पडलं, असं ते मानत. संगीत पुन्हा शिकलेल्या, सुसंस्कृत समाजाच्या हाती यायला हवं, हा त्यांचा आग्रह होता. या विचाराची मुळं महाराष्ट्रातच होती. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांतल्या बंदिशी मिळवून छापल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली आणि १९२६ साली लखनौला कॉलेज उभं केलं. संगीत घराण्यातून वर्गात आणायचं, हे या दोघांचं स्वप्न होतं. केसकरांनी त्याला सरकारी बळ दिलं, आणि वर पूर्वग्रहाची फोडणीही.

कारण खुद्द महाराष्ट्राचा इतिहास त्यांच्या या सिद्धांताला साथ देत नाही. मराठी माणूस ज्यांच्यावर जीव टाकतो, ते गवई शिकले कुणाकडे? केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर शिकल्या अल्लादिया खाँसाहेबांकडे. सवाई गंधर्व शिकले अब्दुल करीम खाँसाहेबांकडे, ज्यांनी मिरजेला घर केलं. खाँसाहेबांनी हातचं न राखता दिलं म्हणून किराणा घराणं मराठी झालं आणि त्याच परंपरेतून पुढे भीमसेन जोशी उभे राहिले. विद्या कोंडली असती तर एवढी पसरली नसती.

पण खुर्चीवर केसकर होते. त्यांनी कलाकारांच्या चाचणीची पद्धत आणली. रेडिओवर गायचं असेल तर ऑडिशन द्यायची, परीक्षक पडद्याआड बसून ऐकणार, तुमचं नाव किंवा घराणं त्यांना कळणार नाही. वर शास्त्राबद्दल प्रश्नही विचारले जाणार. मग श्रेणी मिळणार आणि श्रेणीप्रमाणे मानधन. या व्यवस्थेच्या प्रमुखपदी आले श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. हेही मराठी. भातखंड्यांचे पट्टशिष्य, लखनौच्या कॉलेजचे प्राचार्य. आणि फैयाज खाँचे शागीर्दही.

कल्पना करा. ज्याने चाळीस वर्षं गाण्यात घालवली, राजांसमोर गायलं, त्या उस्तादाला कुणीतरी सांगतं की आता परीक्षा द्या. आणि विचारतं की अमुक रागाचे वादी-संवादी सांगा. ज्याने राग गळ्याने शिकला, पुस्तकातून नाही, त्याला हा अपमान वाटणारच. देशात ठिकठिकाणी कलाकारांनी निषेध केला आणि रातंजनकरांना मोठा रोष पत्करावा लागला.

तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. पडद्याआडच्या परीक्षेने अनेकांना दार उघडूनही दिलं. ज्याचा बाप गवई नव्हता, ज्याच्या मागे घराण्याचं नाव नव्हतं, अशा गावाकडच्या पोरालाही निव्वळ गाण्यावर श्रेणी मिळायला लागली. आज कुठल्याही छोट्या शहरातल्या संगीत सभेची पत्रिका बघा. कलाकाराच्या नावाखाली ‘आकाशवाणीचे ए ग्रेड कलाकार’ असं लिहिलेलं असतं. केसकरांच्या काळात रुजलेल्या व्यवस्थेचीच ती छाप आहे.

पेटीचं प्रकरण तर मराठी माणसाला जास्तच झोंबणारं. रेडिओवर हार्मोनियमवर बंदी होती. ही बंदी केसकरांनी आणलेली नाही. ती १९४० ची, फील्डनच्या काळातली. पेटीचे सूर ठरलेले असतात, तिच्यातून मींड निघत नाही, भारतीय श्रुती तिच्यात बसत नाहीत, असं कारण होतं. त्यात तथ्यही आहे. पण केसकरांनी ती बंदी उठवली नाही. ज्या महाराष्ट्रात नाट्यसंगीत ऑर्गन आणि पेटीवर वाढलं, गोविंदराव टेंब्यांनी पेटीला बोलतं केलं, त्याच महाराष्ट्रातला मंत्री दहा वर्षं खुर्चीवर होता आणि पेटी रेडिओच्या दाराबाहेरच होती. ही बंदी सैल व्हायला सत्तरचं दशक उजाडावं लागलं.

क्रिकेटवरही त्यांचा राग होता. इंग्रजांबरोबर हा खेळही भारतातून जाईल, असं त्यांना वाटायचं. तो अंदाज किती चुकला, हे सांगायला नको.

फिल्मी गाण्यांची जागा रिकामी झाली, तर तिथं लावायचं काय? सगळेच काही दीड तासाचा ख्याल ऐकणार नाहीत, एवढं केसकरांनाही कळत होतं. म्हणून रेडिओने स्वतःच गाणी बनवायची ठरवलं. चांगले कवी, चांगले संगीतकार, रागांवर बेतलेल्या सोप्या चाली. याला नाव मिळालं सुगम संगीत. केंद्राकेंद्रावर त्यासाठी विभाग उघडले. देशभर पाहिलं तर या प्रयोगाचा निकाल संमिश्र लागला. बरीचशी गाणी सपक होती आणि लोकांनी ती विसरून टाकली.

पण पुण्यात वेगळंच घडलं.

पुण्याचं केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं होतं. तिथल्या सीताकांत लाड यांनी आपल्या मित्राला, ग. दि. माडगूळकरांना, रेडिओसाठी काहीतरी सलग लिहायला सांगितलं. १ एप्रिल १९५५, रामनवमी. ऐन उन्हाळ्यात ‘गीतरामायण’ सुरू झालं. आठवड्याला एक गाणं, वर्षभर, एकूण ५६ गाणी. चाली सुधीर फडक्यांच्या, सगळ्या रागदारीच्या पायावर. गाणारे कोण? स्वतः फडके, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, सुरेश हळदणकर, राम फाटक, लता मंगेशकर. लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकायला बसायचे, अशा आठवणी जुन्या माणसांकडून आजही ऐकायला मिळतात. पुढच्या अंकात कोणतं गाणं येणार, यावर चर्चा झडायच्या. आज वेब सिरीजचा पुढचा भाग कधी येतोय यावर झडतात तशाच.

गीतरामायण केसकरांनी करून घेतलं, असं नाही. ते श्रेय लाड, माडगूळकर आणि फडक्यांचं. पण सरकारी रेडिओने रागावर आधारलेली नवी गाणी स्वतः तयार करावीत, त्यासाठी वेळ आणि कलाकार द्यावेत, ही मोकळीक त्या धोरणाने दिली होती. आणि यातली गंमत बघा. गदिमा आणि बाबूजी हे दोघे कोण होते? सिनेमावाले. पटकथा, गाणी, संगीत हाच त्यांचा धंदा. सिनेमाच्या गाण्याला पर्याय म्हणून रेडिओने जे काही केलं, त्यातलं मराठीतलं सगळ्यात टिकलेलं काम केलं ते सिनेमाच्याच माणसांनी.

पुणे केंद्राची आणखी एक गोष्ट नगर जिल्ह्याशी जोडलेली आहे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळं केली. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, मग चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राला कळवायचे. हा प्रयोग इतका चांगला चालला की पुढे तो देशभर नेला गेला. म्हणजे शहरातल्या दिवाणखान्यातला रेडिओ नगर जिल्ह्यातल्या गावांच्या पारावर येत होता. खत-बियाण्यांसाठी आलेल्या या सेटवर शनिवारी रात्री सतार लागली, तर तीही फुकटच होती.

शेवटी रेडिओ सिलोनपुढे सरकारला नमतं घ्यावं लागलं. ऑक्टोबर १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू झाली. कवी नरेंद्र शर्मा तिच्या उभारणीत होते. फिल्मी गाणी सरकारी रेडिओवर परत आली आणि तीही केसकर मंत्री असतानाच. त्यांनी माघार घेतली, पण एका अटीवर. फिल्मी गाणी वेगळ्या वाहिनीवर, शास्त्रीय संगीताचा वेळ जसाच्या तसा. खरं तर ही तडजोड पाच वर्षं आधी सुचली असती, तर त्यांचं नाव आज वेगळ्या कारणाने घेतलं गेलं असतं.

दोन वर्षांनी, १५ सप्टेंबर १९५९ ला, दिल्लीत राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भारतातली पहिली टीव्ही सेवा सुरू झाली. खातं केसकरांचंच. छोटासा ट्रान्समीटर, आठवड्यातून दोनदा प्रसारण, आणि टीव्ही सेट मोजायला हाताची बोटं दोन-तीन वेळा वापरली की झालं. हे टीव्ही केंद्र रेडिओचंच पिल्लू होतं. रेडिओच्याच इमारतीत, रेडिओचीच माणसं. पु. ल. देशपांडेही त्यात होते. गाणाऱ्याचा चेहरा, त्याचे हातवारे, तबलजीकडे टाकलेला कटाक्ष हे सगळं घरबसल्या दिसण्याची सोय तिथून सुरू झाली. मात्र महाराष्ट्राला त्यासाठी १९७२ पर्यंत थांबावं लागलं, मुंबई केंद्र सुरू होईपर्यंत.

१९६२ च्या निवडणुकीत केसकर हरले आणि मंत्रिपद गेलं. त्यानंतर ते नॅशनल बुक ट्रस्टचे अध्यक्ष झाले आणि बरीच वर्षं तिथे राहिले. भारतीय संगीताच्या प्रश्नांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९६७ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढलं.

१९८४ मध्ये त्यांचं निधन झालं. तोपर्यंत टीव्ही रंगीत होऊन दोन वर्षं झाली होती. त्याच वर्षी ‘हम लोग’ ही मालिका सुरू झाली आणि जाहिरातदारांची रांग दूरदर्शनच्या दारात लागली. ज्या टीव्हीचा पाळणा त्यांच्या खात्यात हलला होता, त्यावरचा सगळ्यात लाडका कार्यक्रम होता ‘छायागीत’ आणि ‘चित्रहार’. फक्त फिल्मी गाण्यांचा. आणि शनिवारी रात्री साडेनऊला, रेडिओ लावून बसणाऱ्यांसाठी, दीड तासाचा राग अजूनही चालूच होता.